रेषेपलीकडची तीन पावलं

मी, मार्लिस ख्रिस्टीन क्विस्ट, वय वर्षे सत्याहत्तर, अविवाहित, निवृत्त बास्केटबॉल प्रशिक्षक, राहणार तिसरी गल्ली, नॉर्बी, आयोवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात दिला. वकील हालवर्सन यांचं म्हणणं, मृत्युपत्रात कामापुरतंच लिहावं. मी त्यांना सांगितलं, मला जे लिहायचंय तेच माझं काम आहे.

कलम १. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. २०११ च्या मृत्युपत्रात सगळं भाऊ ड्वेन याच्या नावे होतं. तो माझ्याआधी गेला. जाईपर्यंत दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला म्हणायचा, "जपून गं मार्लिस, रेष आहे!" आणि स्वतःच हसायचा. कसली रेष, ते कलम ६ मध्ये येईल. त्याला मी माफ केलेलं नाही, पण त्याची आठवण येते.

कलम २. माझे राहते घर, अंगण व गॅरेज मी जोलीन ब्रांट हिला देत आहे. जोलीन माझी खेळाडू. हार्लो कॉलेजच्या मुलींच्या संघाची आज माझ्या जागी तीच प्रशिक्षक आहे. अट एकच. गॅरेजवरचं बास्केट काढायचं नाही आणि तिथे चेंडू टाकायला येणाऱ्या मुलीला, ती कोणत्याही संघाची असो वा नसो, हटकायचं नाही.

कॉलेजला पहिल्यांदा आली तेव्हा जोलीन रेषेपाशी येऊन थबकायची. आमच्याकडे शाळांमधून मुलींचा खेळ वेगळा होता. एका संघात सहा जणी आणि मैदानाच्या मधोमध रेष. तिघी रेषेच्या एका बाजूला, त्यांनी बास्केट करायची. तिघी दुसऱ्या बाजूला, त्यांनी नुसतं अडवायचं. रेष ओलांडली की चेंडू समोरच्या संघाला. पूर्ण मैदान धावलं तर मुलींचं हृदय बंद पडेल, असं म्हणे शहाण्या लोकांना वाटायचं. त्याच मुली पहाटे गाईंचं दूध काढून शाळेत यायच्या, ते मात्र हृदयाला चालायचं. १९९३ साली तो खेळ बंद झाला. लोक रडले. मी रडले नाही.

"मिस क्विस्ट, मला नेम धरता येत नाही. मी अडवणारी आहे," जोलीन म्हणाली.

"या इमारतीत अडवणारी कोणी नाही," मी म्हणाले. "टाक."

"चुकेल."

"चुकू दे. टाक!"

चुकला. त्याच्यानंतरचे चाळीसही चुकले. चौथ्या वर्षी तिने कॉलेजचा विक्रम मोडला.

कलम ३. माझ्या मागच्या पडवीत एक लांब दांड्याचा पोछा आहे. तो हार्लो कॉलेजच्या क्रीडा कार्यालयास देत आहे. संघ सुरू झाला तेव्हाचे क्रीडा संचालक श्री. स्ट्रँड यांची तसबीर त्या कार्यालयात लावलेली आहे. पोछा बरोबर तिच्याखाली टांगावा. पहिली सात वर्षं मुलग्यांचा सराव झाल्यावर त्यांचा घाम आमच्या मुली याच पोछ्याने पुसत आणि मगच आमचा सराव सुरू होई. मी तक्रार केली तर स्ट्रँड म्हणाले होते, "अहो, घर सांभाळायची सवय होते तेवढीच!" आठव्या वर्षी मी पोछा उचलून घरी आणला. तो चोरीचा माल आहे, हे येथे कबूल करते.

कलम ४. सरावाच्या एक्केचाळीस वह्या, शिट्ट्या आणि खडूचा फळा हेही जोलीनला. वह्यांतलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम आहे: बास्केट चुकली म्हणून कोणाला बाकावर बसवायचं नाही, टाकली नाही म्हणून बसवायचं. तेहतीस वर्षं मी हा नियम पाळला. त्यापायी काही सामने हरले, त्याचं मला काही वाटत नाही.

बँकेत जे काही निघेल त्यातून संघातल्या मुलींना बूट घ्यावेत. चांगले घ्यावेत.

कलम ५. अंत्यविधी. चर्चच्या तळघरात जेवण होईल, तेव्हा हॅमचे गार सँडविच नकोत. शाळेत मिळायची तशी राजमा-खिम्याची गरम चिली आणि सोबत दालचिनीचा रोल द्यावा. भाषणात कोणीही, विशेषतः पास्टरबाईंनी, १९६५ च्या सामन्यात "बिचारीचा पाय घसरला" ही गोष्ट सांगू नये. कारण ती खोटी आहे.

कलम ६. कबुली. मार्च १९६५, डे मॉईन, राज्य स्पर्धेचा अंतिम सामना. नॉर्बी गाव चारशे बारा माणसांचं. त्यातली तीनशेच्या वर तिथे होती. आम्ही एका गुणाने मागे, आठ सेकंद उरलेले. मी अडवणाऱ्या तिघींतली. त्यांच्या मुलीच्या हातातून मी चेंडू हिसकावला आणि वळले. समोर पाच फुटांवर, रेषेच्या पलीकडे, आर्डिथ वेसल उभी होती. माझी पहिलीपासूनची मैत्रीण. त्या दिवशी तिने एकटीने सत्तेचाळीस गुण केले होते. तिच्याजवळ कोणी नव्हतं. हात पुढे केलेले. चेंडू तिच्याकडे टाकला असता तर सामना आमचा होता, आणि तो करंडक तिच्या हातात असता.

मी टाकला नाही. मी रेष ओलांडून तीन पावलं गेले. पंचांची शिट्टी वाजली.

गाव विचारायला लागलं, तेव्हा माझ्याआधी आर्डिथच बोलली, "पाणी सांडलं होतं तिथे, पाय घसरला तिचा." मी गप्प राहिले. पुढे तिने तेच सगळ्यांना ऐकवलं. तिचा होणारा नवरा रॉजर साखरपुड्याच्या जेवणात यावरून काही बोलला, तर त्याला अर्ध्या ताटावरून उठवलं. बिचाऱ्याने मग जन्मभर तो विषय काढला नाही.

पाय घसरला नव्हता. शाळेची चार वर्षं, शहाण्णव सामने, मी एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नव्हता. मला एकदा टाकायचा होता. आर्डिथ मला स्वच्छ दिसत होती, तरी मी गेले. पुढे कॉलेजात शिकताना पूर्ण मैदान मिळालं, टाकून टाकून हात दुखले, पण जे तिचं होतं ते काही मला परत देता आलं नाही. याची मला लाज वाटते. आजही वाटते.

कलम ७. तळ्याकाठची माझी केबिन, होडी व गळांसह, मी आर्डिथ वेसल हिला देत आहे. दर ऑगस्ट आम्ही दोघींनी तिथेच काढला. वरचं वाचून तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी केबिन तिचीच.

हालवर्सन म्हणाले, "पाकीट बंद ठेवा. तुमच्या माघारी वाचू दे त्यांना." मी म्हटलं, मेल्यावर कबुली देणं म्हणजे वेळ संपल्यावर बास्केट करणं, ती धरत नाहीत. मी हे कागद आर्डिथला आजच वाचायला देणार आहे. माझी एकच मैत्रीण आहे आणि ती आज जाऊ शकते, हे मला माहीत आहे.

कलम ८. (त्याच दिवशी दुपारी लिहिले.) आर्डिथने चष्मा लावून सहावं कलम दोनदा वाचलं. कॉफी गार झाली. हालवर्सन छताकडे बघत होते.

"पाणी कुठलं?" ती म्हणाली.

"काय?"

"पाणी सांडलं होतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मग! होतं का तिथे पाणी? अगं, पाच फुटांवर होते मी. तू माझ्याकडे बघितलंस, मग बास्केटकडे बघितलंस आणि निघालीस. आंधळी समजतेस काय मला?"

"मग एकोणसाठ वर्षं बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. वाटलं, माझ्या लग्नाआधी सांगशील. मग वाटलं, रॉजर गेल्यावर तरी सांगशील." तिचा आवाज चढला. "राग होता मला, मार्लिस. अजून आहे. तो चेंडू माझा होता."

"हो. तुझा होता."

"ही केबिन खोड."

"आर्डिथ, ती तुला दिलीय."

"खोड म्हणते ना! अहो हालवर्सन, केबिन घेतली तर मला साक्षीदार म्हणून सही करता येईल का?"

"नाही. ज्याला काही मिळतं, त्याने सही न केलेली बरी."

"ऐकलंस? मग केबिन जोलीनला दे. मला सही करायचीय."

सबब कलम ७ मधील केबिन आर्डिथच्या मागणीवरून जोलीन ब्रांट हिला देण्यात येत आहे. आर्डिथचं म्हणणं, "ऑगस्टमध्ये जोलीन मला हाकलते का बघतेच मी." मी पुष्कळ समजावलं, पण तिने पेन मागितलं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली नमूद साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

ठिकाण: नॉर्बी, आयोवा
दिनांक: १६ मे २०२४

(सही) मार्लिस ख्रिस्टीन क्विस्ट

साक्षीदार:

१. (सही) लॉयल हालवर्सन, वकील. मार्लिस क्विस्ट यांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) आर्डिथ वेसल. मार्लिसने माझ्यासमोर सही केली. १९६५ सालीही मी समोरच होते. तिचा पाय घसरला नाही. ती आपणहून गेली.