विहिरीचा जुना काठ

३ मार्च

पाटीचं काम अखेर माझ्याकडेच आलं! चौकातल्या विहिरीवर बसवायची, काळ्या दगडात. मजकूर दादाचा — ही विहीर आमच्या खापरपणजोबांनी खोदली, उजाड माळावर वस्ती आणली, म्हणून गावाला त्यांचं नाव. बाबा खूश. दगडकाम त्यांनीच शिकवलं मला; आता त्यांची नजर गेलीय. म्हणाले, अक्षरं खोल घे, मला बोटांनी वाचायचीत.

५ मार्च

‘खोदली’पर्यंत आले. मनगट ठणकतंय.

६ मार्च

विहिरीची डागडुजी चाललीय. गवंड्यांनी वरचे थर उतरवलेत. माप घ्यायला गेले आणि पाहतच राहिले. खाली आणखी एक काठ! त्यावर दोराच्या खाचा — अख्खी मूठ मावेल इतक्या खोल. हा दगड माझ्या रोजच्या कामातला, किती टणक ते ठाऊक आहे. दोराने तो एवढा झिजायला पिढ्या लागतात. आणि उतरवलेल्या प्रत्येक दगडावर खापरपणजोबांच्या छिन्नीची खूण, आमच्या घरच्या जोत्यावर आहे तीच.

म्हणजे त्यांनी विहीर खोदलीच नाही. लोकांची वापरातली विहीर फक्त उंच केली. माझं डोकंच चालेना.

८ मार्च

ओढ्यापलीकडची शिंपीणबाई कपडे द्यायला आली. तिला विचारलं. ‘‘विहीर आमच्या लोकांची, तुमच्यांनी आम्हाला हुसकून लावलं,’’ असं तिची आजी सांगायची म्हणे. ‘‘पण आम्ही सांगितलं की तुम्ही हसता.’’ खरं आहे. गाव हसतंच. फार लाज वाटली.

९ मार्च

दादाला खाचा दाखवल्या. म्हणाला, परवा थर पुन्हा चढतील, झाकली मूठ सव्वा लाखाची. वर दम — हे ऐकून बाबांना काही झालं तर तुझ्या डोक्यावर! चीड आली. पण बाबांपुढे माझीही जीभ रेटत नाही. जन्मभर त्या एका नावावर ताठ मानेने चालले ते.

१० मार्च

छिन्नी उचलवली नाही. ठोके का थांबले, असं बाबा दोनदा विचारून गेले.

११ मार्च

गवंडी यायच्या आत बाबांना हात धरून विहिरीवर नेलं. कसं सांगावं कळेना. तेवढ्यात हात सोडवून ते वाकले आणि जराही न चाचपडता मूठ सरळ खाचेत घातली.

‘‘माझ्या लहानपणीही थर उतरवले होते,’’ म्हणाले. ‘‘पुन्हा चढवताना चुना मीच कालवला. तू पाटीला दुसरा दगड घे.’’