भिंगरीची दुधाची दाढ

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी भाची भिंगरी आठवडाभर एकाच बाजूने जेवतेय. काल टॉर्च घेऊन बघितलं, तर खालच्या मागच्या दाढेत मिऱ्याएवढा खड्डा. हे म्हणाले, दुधाची दाढ आहे, पडणारच. भाड्याच्या खोलीला कुणी संगमरवर बसवतं का? म्हटलं, दादा लहान मुलांचेच दात बघतो, त्याला विचारते. त्यावर ह्यांनी तुला ‘उपटसुंभ’ म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. मनाला लावून घेऊ नकोस.

काय भरावं, ते किती टिकतं आणि खर्च किती, एवढं कळव. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी


९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, यजमानांचा संगमरवरही पोचला. ही दाढ पडायला अजून चारेक वर्षं आहेत. तोवर छत गळकंच ठेवायचं का, असं त्यांना विचार. रंगाच्या दुकानात बसून बसून भिंतीपलीकडचं दिसेनासं झालं असेल, तर राहू दे. दाढ अवेळी गेली की शेजारची तिच्या जागेत कलंडते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही.

आता सामानाचं. पांढरं सिमेंट सगळ्यात स्वस्त आणि दिसायला साजरं, पण दोन दाढांच्या फटीपर्यंत गेलेल्या खड्ड्यात फार दिवस तग धरत नाही. दाताच्या रंगाचा दुसरा मसाला महाग, आणि तो भरताना दाढ कोरडी ठेवावी लागते. तुझी पोर तोंड किती वेळ स्थिर ठेवते ते तू जाणतेस. चांदी टिकाऊ, पण काळी दिसते आणि लहान मुलांना हल्ली कुणी फारशी भरत नाही. स्टीलच्या टोपीला सुरुवातीला पैसे जास्त पडतात, पण ती सहसा दाढेबरोबरच पडते.

माझं मत टोपीला. मेहुण्यांना पटवायच्या फंदात मात्र पडू नकोस. गीता कुणापुढे वाचू नये, ती म्हण तुला ठाऊक आहे.

तुझी माया अशीच राहू दे. त्यांच्याकडे मी ती मागत नाही.

दादा


२१ जून

श्री. डॉक्टरसाहेबांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मला दाखवायचं नव्हतं, म्हणून आधी मीच वाचलं. माझी मुलगी हसली की तोंडात भांडं चमकणार, आणि वर त्याचे पैसे मी मोजायचे! कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पांढरं सिमेंट भरून आणलं. तुमच्या एका टोपीच्या पैशांत अशा चार दाढा होतील. जन्म दुकानात गेला आहे. मालाची पारख मला शिकवू नये. पोराबाळांच्या आईबापांना घाबरवून आम्ही पोट भरत नाही.

कळावे. लोभ असला काय, नसला काय, सारखंच.

तुमचा मेहुणा


१८ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद.

पारखून घेतलेलं सिमेंट दोनदा पडलं, हे वाचून वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिसऱ्यांदाही भरून घ्या म्हणावं. दवाखानेवाल्याला तेवढंच बरकतीचं गिऱ्हाईक! एव्हाना अर्ध्या टोपीचे पैसे गेले असतील, हेही पारख्यांच्या कानावर घाल.

भिंगरीला घेऊन येऊ का, असं विचारतेस. ज्या घरात मी उपटसुंभ, त्या घरातल्या तोंडाला हात लावायचा, तर आधी मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी माफीच्या लिहाव्यात. मग बघू.

माया पूर्वीइतकीच आहे, ताठाही तितकाच.

दादा


१५ सप्टेंबर

दादास नमस्कार.

साष्टांग या वेळी वगळते. सुजल्या गालाची मुलगी मांडीवर घेऊन बसलं की वाकता येत नाही, हे मी शिकले.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मान कापली तरी माफी लिहिणार नाही, म्हणाले. त्याच संध्याकाळी भिंगरीला ताप भरला आणि गाल टम्म झाला. तुम्हा दोघांच्या अब्रूला मी तिथेच कोपऱ्यात ठेवलं आणि सकाळी सरकारी दवाखान्यात रांगेला उभी राहिले. दाढेच्या नसेपर्यंत कीड गेली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी पू काढला, औषध दिलं, आणि सूज उतरल्यावर नस साफ करून वर टोपी बसवली.

दुखेल का, असं भिंगरीने विचारलं. बाई म्हणाल्या, थोडं दुखेल; नको वाटलं की हात वर कर, मी थांबेन. पोरीने हात वर केला आणि त्या खरंच थांबल्या. पुन्हा केला, पुन्हा थांबल्या. मला बाकड्यावर बसल्या बसल्या रडू फुटलं. तीन महिने तिचा हात वरच होता, दादा. तुमच्या पत्रांत सिमेंट होतं, चांदी होती, दुकान होतं. ती जेवते का, झोपते का, हे एकानेही विचारलं नाही.

आता हे गिऱ्हाइकांसमोर तिला ‘आ’ करायला लावतात आणि सांगतात, एक नंबर माल, मीच बसवून घेतला. तूही वहिनींना सांगत असशील, मी म्हटलंच होतं. श्रेय तुम्ही दोघं वाटून घ्या. दाढ तिची आहे.

वाटलं तर ये. दात बघायला नको, तिला भेटायला ये. लोभ वाढवायचाच असेल, तर तिच्यापासून सुरुवात कर.

धाकटी