गाळायला सांगितलेला परिच्छेद

छत्रपती संभाजीनगर
११ फेब्रुवारी

तीर्थरूप अब्बांना अदीबाचा सादर सलाम.

मी बरी आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. अम्मीच्या गुडघेदुखीला उतार पडला का?

शनिवारी गुलमंडीजवळच्या सभागृहात लोकसंख्येवर माझे व्याख्यान झाले. मुसलमानांचा जननदर अजून किंचित जास्त असला, तरी गेल्या तीस वर्षांत तोच सर्वांत वेगाने घसरला, एवढेच मी सरकारी अहवालाच्या आधारे मांडले. पहिल्या रांगेतले एक पुढारी, काकासाहेब, म्हणाले, "मॅडम, हे आकडे घरी बसून केले व्हय?" ते अपेक्षितच होते. पण बाहेर महापालिका निवडणुकीचे तिकीट मागणाऱ्या अफजलभाईंनी मला बहिणीच्या नात्याने अडवले. "बाजी, हे काय करून बसल्या? आपली गिनतीच तर आपली ताकद! अन् तुम्ही ती भर सभेत घटवली!"

एकाला भीती दाखवायला आणि दुसऱ्याला तिकीट मागायला आपली लेकरे जास्तच हवी आहेत. अहवाल दोघांनीही वाचलेला नाही.

काल आयोजकांनी कळवले, की जननदराचा तो परिच्छेद गाळला तरच व्याख्यान त्यांच्या पुस्तकात छापले जाईल. मी नकार दिला. थकवा आला आहे, पण काळजी करू नका. पिशोरमध्ये तुम्ही पुस्तकाचे सर्वांना सांगून ठेवले असेल, त्याचेच वाईट वाटते.

सोबत संपूर्ण व्याख्यान पाठवते आहे. आयुष्यभर मराठी शिकवलीत, तेव्हा लाल शाईने तपासा. चूक निघाली तर सुधारीन. तो परिच्छेद गाळायला मात्र तुम्ही सांगू नका, अब्बा.

अम्मीला सलाम.

तुमची लेक,
अदीबा