पर्यावरणपूरक द्रावकाने बधिर झालेल्या हातांबाबत

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय.

विषय : धुलाई खात्यातील हवा खेचणारा पंखा परत बसविण्याबाबत.
संदर्भ : सही जुळत नाही म्हणून परत आलेला माझा अर्ज.

महोदय,

सविनय कळवितो की, यंत्रांच्या सुट्या भागांवरचे ग्रीस धुण्याचे काम मी करीत असे. जुन्या द्रावकाने डोळे झोंबत व हातांची आग होई, म्हणून हातमोजे असत व पंखा अखंड चाले. गेल्या वर्षी पर्यावरणपूरक द्रावक आले. ते पेट घेत नाही, झटकन वाळते, ग्रीस तर बघता बघता उतरवते. वासही गोडसर. पिंपावर हिरवे पान छापलेले. व्यवस्थापक म्हणाले, "आता कशाला पंख्याची वीज जाळायची?" पंखा काढला. हातमोजे येणेही बंद झाले.

आधी बोटांना मुंग्या आल्या. पुढे एकदा वाटेत चप्पल गळून पडली, तरी मला पत्ता नाही. बायकोने दारातच विचारले, "अहो, दुसरी चप्पल कुठाय?" आता माझ्या शर्टाची बटणे तीच लावते. कारखान्याचे डॉक्टर म्हणतात, वयोमानाने होते. माझे वय चौतीस आहे.

याबाबत तक्रार केली असता, सदर द्रावकाने ओझोनच्या थरास बाधा पोचत नाही, असे आपले लेखी उत्तर आले. ओझोनचे कुशल वाचून बरे वाटले. माझ्या हातांबद्दल त्यात काही नव्हते. दुसरा अर्ज सही जुळेना म्हणून परत आला. साहेब, सही जुळत नाही हेच तर मी कळवीत होतो.

मला आता फाटकावर बसवून माझ्या जागी धाकट्या भावाला लावले आहे. परवा जेवताना त्याच्या हातून पेला सुटला. "दादा, दमलोय रे नुसता," म्हणून तो हसला. आईही हसली. मी आणि बायको खाली मान घालून जेवत राहिलो. नोकरी सोड म्हणावे, तर घर कशावर चालवायचे?

तरी आपण स्वतः पाहणीस यावे. मात्र त्याची वर्दी कारखान्यास देऊ नये. मागील पाहणीच्या दिवशी पंखा बसवला होता, दारे सताड उघडी होती व मला भरपगारी रजा होती. आपली गाडी फाटकाबाहेर पडल्यावर पंखा उतरवायला भावालाच शिडीवर चढवले.

आपला नम्र,
(सही, जमली तशी)
धुलाई खात्यातील कामगार
मजकूर पत्नीच्या हस्ताक्षरात
दि. ९ फेब्रुवारी

सोबत : परत आलेला अर्ज; ओझोनबाबतचे उत्तर.