रक्तगटाची यादी

३ मे २००६, अंबड

वेबसाईटचं पान उघडलं. यादी न्हाई! पडद्यावर तीच एक ओळ — डेटाबेसची लायब्ररी, म्हंजे यादी उघडून देणारी फाईल, सापडत न्हाई. तिसऱ्यांदा सगळं काढलं, तिसऱ्यांदा इन्स्टॉल केलं. तेच.

शिवाजी शेजारी बसून. "व्हईल रे धर्मराज. घाई न्हाई."

घाई त्यालाच आहे. गेल्या श्रावणात त्याची बायको बाळंतपणात गेली. ओ निगेटिव्ह रक्त मिळालंच न्हाई. तेव्हापासून गावोगाव रक्तदानाची शिबिरं घेऊन राह्यला. सहा वह्या भरल्यात — नाव, गाव, रक्तगट, फोन. सहाशे बारा माणसं. माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या कौसल्या मॅडमनं महिनाभर बसून सगळं टाईप केलं. मला फक्त ते वेबसाईटवर दिसतं करायचंय. तेवढंच जमेना.

४ मे

दिवसभर लोडशेडिंग. काहीच न्हाई.

६ मे

अंकुशनगरहून कचरू नावाचा माणूस आला. बहिणीचं ऑपरेशन, एबी निगेटिव्ह पाहिजे, जल्दी! सगळी नावं मशीनमधी, अन् मशीन मुकं. मंग वह्या काढल्या. नावं गावाप्रमाणं लिहिलेली, गटाप्रमाणं न्हाईत. मी अन् शिवाजी बोट फिरवत बसलो, कचरू उभाच. दीड तासानं राजूरचा एक जण सापडला. फोन केला, तो निघालाही.

तेवढ्यात कचरूला फोन — बहिणीला औरंगाबादला हलवलं. तो तसाच पळाला. पुढं काय झालं, कळालं न्हाई.

शिवाजीनं वह्या नीट रचून ठेवल्या.

७ मे

आज कौसल्या मॅडमवर ओरडलो. क्लासच्या पोरांसमोर! "तुम्हीच एखादी फाईल उडवली असंल."

"सर, मी टायपिंगशिवाय कशाला हात लावला न्हाई."

क्लासची किल्ली टेबलावर ठेवली अन् गेल्या.

९ मे

सापडलं! विंडोजच्या फोल्डरमधी त्या लायब्ररीच्याच नावाची जुनी फाईल पडलेली. मशीन आधी तीच उचलायचं, अन् नव्या सेटअपशी तिचं जमायचं न्हाई. जुनी काढली, नवी ठेवली, सर्व्हर बंद करून चालू केला — धडाधड सहाशे बारा नावं!

आनंद पाच मिनिटं टिकला. जुन्या फाईलवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा कौसल्या मॅडम इथं नव्हत्याच. ती फाईल मीच टाकलेली.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्तो, माफी मागायला. त्यांच्या आईनं, उषाबाईंनी, दारातूनच सांगितलं, "ती न्हाई यायची आता. तुम्ही बी येऊ नका."

बराबर आहे त्यांचं.

१० मे

पहिला शोध शिवाजीला घ्यायला लावला. एका बोटानं त्यानं ओ निगेटिव्ह लिहिलं. सात नावं आली. दुसरं — माझं! जानेवारीच्या शिबिरात रक्त दिल्तं. रक्तगटाचं कार्ड मिळाल्तं, ते उघडूनसुद्धा पाहिलं न्हाई. श्रावणात त्याची बायको गेली त्या दिवशी मी इथंच होतो, अंबडला, तिच्या दवाखान्यापासून चार गल्ल्यांवर.

"शिवाजी, हे —"

"मला जानेवारीतच कळाल्तं," तो म्हणाला.

जानेवारीपासून! अन् रोज येऊन माझ्याशेजारी बसत होता.