राहिलेलं कुणाचं

सोमवार, १५ एप्रिल १९७४

आज सोलापुरात आले. कुर्डुवाडीला पॅसेंजर सव्वा तास उशिरा आली, तरी मन अगदी ताजं आहे. साखर पेठेत चनमल्लप्पा मालकांचा सोळा मागांचा चादरींचा कारखाना आहे. त्याच्या माडीवर मला दहा बाय आठची खोली मिळाली. एक खिडकी, दोन कोनाडे, भिंतींना ताजा निळसर चुना. खाली माग सुरू झाले की ताटलीतली वाटी आपोआप सरकते. मला ते आवडलं. एवढ्या आवाजात डोक्यातला आवाज ऐकू येत नाही.

मालक म्हणाले, तीन महिने काम बघू. सोडायला आलेल्या दादानं स्टेशनवर दुसरीकडे बघत सांगितलं, की हेही जमलं नाही तर वहिनी म्हणते तसं पुण्याच्या त्या कुलूपवाल्या दवाखान्यात ठेवावं लागेल. मी वेडी नाही. माझं चित्त एका जागी ठरत नाही, छाती उगाच धडधडते आणि काही दिवस अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखी मी पडून राहते, एवढंच. कुर्डुवाडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, रोज लिहायलाही सांगितलंय. लिहीन.

शुक्रवार, १९ एप्रिल

मला सांधायच्या कामाला बसवलंय. मागावरचा ताणा, म्हणजे उभे दोरे, संपत आला की दोरे गुंडाळलेला नवीन बीम चढवतात आणि जुन्या ताण्याच्या एकेका दोऱ्याला नवा दोरा पीळ देऊन गाठीनं जोडतात. एका चादरीच्या पन्ह्यात अठराशे दोरे, म्हणजे अठराशे गाठी. केराबाई शिकवतात. त्यांची चाळीस वर्षं यातच गेली. बोटं बघत नाहीत, तरी चुकत नाहीत.

त्यांनी पहिल्याच दिवशी नेम सांगितला. अर्ध्यातून उठायचं झालं, अगदी पाणी प्यायला का होईना, तर राहिलेलं काम कुणाचं ते नाव घेऊन उठायचं. “राहिलेलं केराबाईचं,” असं मोठ्यानं म्हणायचं. मग ते त्या बाईनं पुरं करायचं. मी विचारलं, नाव नाही घेतलं तर? त्या म्हणाल्या, “तर राहिलेलं उघडं पडतंय बाई. उघड्यावर कुणीबी तोंड घालतंय.”

मंगळवार, २३ एप्रिल

दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. सातशे गाठी झाल्या असतील, तेवढ्यात मनात आलं, की वरचा स्टोव्ह चालूच राहिलाय. छाती धडधडायला लागली. उठून जिना गाठला. जिन्यावर कांड्यांवर सूत भरणाऱ्या सोजरबाई बसल्या होत्या. त्यांनी टोकलंच, “नाव कोण घेणार गं, तुझा बाप? अर्ध्या डोक्याची ती अर्ध्या डोक्याचीच की.” मी चिडून म्हटलं, “राहिलेलं कुणीही करा.”

स्टोव्ह बंदच होता. मग धुणं दिसलं, ते भिजवलं. जुन्या पेपरचा तुकडा दिसला, तो वाचत बसले. तासाभरानं खाली गेले, तर बीम सांधून झाला होता. अठराशेच्या अठराशे. कुणी केलं म्हणावं तर कुणीच नाही. केराबाईंनी गाठ नखावर घेऊन पाहिली. पीळ उलटा होता, शेपट्या दातानं तोडल्यासारख्या. माग चालला, एक दोरा तुटला नाही. मालकांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली. तीन महिन्यांतले आठच दिवस झालेत.

शनिवार, २७ एप्रिल

भिजवून विसरलेलं धुणं वाळत पडलेलं असतं. अर्धवट निवडलेले तांदूळ निवडून होतात. जन्मात पहिल्यांदा माझी कामं पुरी होताहेत. मीच करते आणि विसरते, असं धरून चाललेय.

आज दादाला पत्र लिहायला घेतलं. ‘मी इथे’ एवढंच लिहून झालं आणि वेणी घालायची आठवली, तसा कागद कोनाड्यात ठेवला. दोन पेड घालून हात थांबला, खिडकीतून खालची उंटगाडी बघत राहिले. मग हात मागे नेला, तर वेणी शेवटापर्यंत घातलेली. टोकाला गाठ. तोवर हात दोन्ही मांडीवरच होते.

पत्र कोनाड्यात नाही.

गुरुवार, २ मे

दादाचं उत्तर आलं. मी म्हणे लिहिलंय, ‘मी इथे आता पुरी होत आले आहे, येऊन घेऊन जा.’ अक्षर माझंच, असंही त्यानं लिहिलंय. आठ तारखेपासून रेल्वेचा संप आहे, त्यालाही कामावर जायचं नाही, तेव्हा नऊला एस्टीनं न्यायला येतो म्हणतो. ते मी लिहिलं नाही असं कळवलं, तर कुलूपच.

शनिवार, ४ मे

काल सोजरबाई पुन्हा म्हणाल्या, अर्ध्या डोक्याची. माझ्या तोंडून “तुमची जीभ” एवढंच निघालं. पुढचं मी गिळलं.

आज सकाळी त्या आल्या त्या तोंडावर पदर दाबून. जीभ काळीनिळी, तोंडात मावेना. मुळाशी पांढरा दोरा आवळलेला. डॉक्टरांनी कापून काढला. केराबाईंनी पाहिला. पीळ उलटा.

सोमवार, ६ मे

केराबाईंना सगळं सांगितलं. आता नाव घेऊ का, म्हणून विचारलं. “नाव उठताना घ्यायचं असतंय, मागनं न्हाय. त्येनं तुजं राहिलेलं धरलंय. आता काय बी अर्धं सोडू नको.”

मी. अर्धं सोडायचं नाही. मी—

नाही, पुरं लिहायचं. मी आजवर काहीच पुरं केलेलं नाही. घास ताटात ठेवायचा नाही. बटण उघडं ठेवायचं नाही. बोलणं तोडायचं नाही. गोळ्या घेतल्या का? मोजते, नाही, आधी हे. काय लिहीत होते?

बुधवार, ८ मे

परवापासून उठले नाही. ओलं घोंगडं.

आज उजाडता जाग आली, ती पाय हलेनात म्हणून. दोन्ही अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र गुंडाळलेले. मेलेल्या माणसाचे बांधतात तसे. गाठ मारलेली नव्हती. अजून.

मी किंचाळले नाही. किंचाळी अर्धी राहिली असती.

गाठ का नाही मारली— ते कळलं. परवा पडल्यापडल्या मनात आलं होतं, की आता हे जगणं— आणि तेवढ्यात माशी बसली हातावर आणि मी माशीकडे—

तो विचार तसाच राहिलाय. उघडा. तो पुरा झाला की गाठ.

गुरुवार, ९ मे

दार लावलं. स्टोव्ह बंद, तीनदा पाहिला. तो विचार मीच पुरा करणार. माझ्या अक्षरात, पूर्णविराम देऊन. दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही.

छाती— धडधडतेय. लिहिलं पुरं.

खाली माग बंद पडले. सगळे एकदम. वीज गेली असेल. बघून येऊ का— नाही. बसायचं.

पायाला काहीतरी. बघायचं नाही.

जिन्यावर पावलं. दादा असेल. प्रभा, प्रभा म्हणतोय, आवाज मात्र माझ्यासारखा— नाही. ओ द्यायची नाही. आधी वाक्य. मला ठाऊक आहे काय लिहायचं ते, पक्कं ठाऊक आहे, एकच ओळ आहे.

मला जगायचं