रावसाहेबांची साफसफाई

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. हे आधी वाच आणि मग खाली बस.

सकाळी आपल्या रावसाहेबांना गाडीने उडवलं. प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. ते टॉवेलात, माझ्या मांडीवर. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलंय, त्यामुळे आता विव्हळत नाहीत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन केलं तर म्हातारा जगेलही. नाहीतर शांतपणे झोपवू. पण लवकर ठरवा." त्यांना काय जातंय म्हणायला.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तू 'जगतील का' असं विचारलंच नव्हतंस. 'आपल्या हाताने चहा पितील का' असं विचारलं होतंस. पितात ना अजून? शर्टावर सांडला तर सांडू दे, तू मध्ये हात घालू नकोस.

म्हणून मीही विचारलं, "याला स्वतःचं अंग चाटून साफ करता येईल?" आपल्या बोक्याचा निम्मा जन्म त्यातच गेलाय.

बाईंनी रावसाहेबांच्या मागच्या पंजाला चिमटा काढून पाहिला. मग म्हणाल्या, "नाही. कंबरेखालचं त्याला काही कळणारच नाही. ते तुम्हालाच करावं लागेल, कायमचं."

मी करेन गं. पण रावसाहेबांना ते चालेल का?

माझ्या बोटांवर त्यांचंच रक्त वाळलं होतं. आत्ता त्यांनी कशीबशी मान उचलली आणि एकेक बोट चाटून स्वच्छ केलं. काम झाल्यावर नेहमीसारखं तोंड फिरवलं.

आता आत जाऊन 'ऑपरेशन नको' म्हणते. मांडीवरून मात्र उतरवणार नाही.

बाबांना चहा पिऊन झाल्यावर सांग.

तुझी,
धाकटी